बोट सुजलंय? उद्यावर ढकलू नका

मस्कतच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून काम करताना एक गोष्ट कळली. हाताला जखम झालेली आपली माणसं उशिराच येतात.

रत्नागिरीचे एक काका मत्राहच्या मासळी बाजारात कामाला. सुरमई साफ करताना काटा बोटात घुसला. घरून फोनवर सल्ला मिळाला, "हळद-चुना लाव." खाडा झाला तर पगार कापतील, म्हणून काकांनी ४ दिवस तसेच काढले. त्यात मधुमेह!

आले तेव्हा बोट केळ्यासारखं सुजलेलं, किंचित वाकलेलं. तळव्याच्या बाजूने दाबलं की कळ, सरळ करायला गेलं की "सिस्टर, नको!" या चार खुणा शिकागोचे सर्जन अ‍ॅलन कॅनाव्हेल यांच्या नावाने ओळखतात. अर्थ एकच : बोट वाकवणाऱ्या दोरीसारख्या स्नायुबंधाभोवतीच्या नळीत पू झालाय. तिथे गोळ्या पुरत नाहीत.

त्याच रात्री ऑपरेशन करून नळी धुतली. शिरेतून अँटिबायोटिक, साखरेसाठी इन्सुलिन, हात उशीवर उंच. सूज उतरताच फिजिओथेरपी सुरू, नाहीतर बोट आखडतं.

काकांचं बोट वाचलं, पण मूठ अजून पूर्ण वळत नाही. सुरी धरणाऱ्या माणसाला हे नुकसान थोडं नाही.

गावाकडच्या मंडळींनो, व्हिडिओ कॉलवर "जेवलास का?" विचारता ना? मग "हात दाखव बघू" असंही म्हणा. बोट सुजलेलं दिसलं तर हळद सांगू नका, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा" म्हणून सांगा.