समोरची खुर्ची

‘अशी मुलं असंच करतात हो.’ बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईवडिलांनी हे वाक्य किती जणांकडून ऐकलेलं असतं! सव्वीस वर्षांचा मुलगा जेवेनासा होतो, रात्री दोन वाजता अंथरुणात उठून बसतो, कार्यशाळेत पणत्या रंगवता रंगवता शेजारच्यावर धावून जातो. आई त्याला दवाखान्यात नेते आणि हेच वाक्य घेऊन परत येते. सहा महिन्यांपूर्वी त्याचे वडील गेले, हे तिला कुणी विचारलेलंच नसतं. हा मुलगा मी या लेखापुरता कल्पिला आहे. पण विशेष शाळेतल्या कुठल्याही ताईंना विचारा, त्या त्याला ओळखतील.

या नजरचुकीचा पुरावा जुना आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञांपुढे भीतीनं जगणं अवघड झालेल्या एका माणसाचं वर्णन ठेवलं. काहींना दिलेल्या वर्णनात तो बौद्धिक दिव्यांग असल्याचा उल्लेख होता, काहींना दिलेल्या वर्णनात नव्हता. बाकी तपशील तोच. तरी तो उल्लेख वाचणाऱ्यांना त्या भीतीत मानसिक आजार कमी दिसला. अपंगत्वाची सावली आजारावर पडते आणि आजार दिसेनासा होतो. प्रत्यक्षात हे आजार दुर्मीळ मुळीच नाहीत. ग्लासगोत सॅली-अ‍ॅन कूपर यांच्या गटानं १,०२३ बौद्धिक दिव्यांग प्रौढांची पाहणी केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, वर्तनसमस्या धरून, ४०.९ टक्के लोकांना मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास होता.

मग उपचार? बहुतेकदा गोळी. बोलण्यातून होणारा उपचार या माणसांसाठी नसतोच, असं फार काळ गृहीत धरलं गेलं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मायकेल बेंडर यांनी १९९३ मध्ये या उपेक्षेचा इतिहास लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘न दिलेली खुर्ची’. उपचारकाच्या समोरची ती खुर्ची इतरांसाठी पुढे सरकवली जात होती, यांच्यासाठी नाही.

बोधात्मक वर्तन उपचाराबाबत, म्हणजे सीबीटीबाबत, तर हे गृहीतक अधिकच खरं वाटे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनातून आपल्याकडे अनेकांच्या परिचयाची झाली आहे. अ‍ॅरन बेक यांची पद्धत तिच्या जवळचीच. या दोन्ही याच उपचाराच्या घरातल्या. घटना घडते, मनात विचार येतो, त्या विचारातून भावना उठते. विचार तपासला तर भावनेचा जोर ओसरतो. म्हणजे स्वतःच्या विचाराकडे जरा लांबून पाहता यायला हवं, तो कागदावर उतरवता यायला हवा, आठवडाभर नोंदी ठेवता यायला हव्यात. ज्याला घड्याळ समजत नाही, लिहिता येत नाही, त्याला हे कसं जमायचं?

नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये काही जणांनी या प्रश्नाचे तुकडे केले. डेव्ह डॅग्नन आणि पॉल चॅडविक यांनी उपचाराला लागणारी कौशल्यं वेगवेगळी तपासायला सुरुवात केली. चेहऱ्याचं चित्र पाहून हा रागावलाय की घाबरलाय हे सांगता येतं का? ‘मित्रानं पतंग फाडला’ हे ऐकल्यावर कसं वाटेल हे ओळखता येतं का? घटना आणि भावना यांच्या मधे विचार असतो हे कळतं का? पहिल्या दोन पायऱ्या पुष्कळांना चढता येतात, असं दिसत गेलं. तिसरी खरोखर अवघड. पण कोण कुठल्या पायरीवर अडतो हे कळलं की त्या पायरीवर काम करता येतं. माझ्या मते सगळा बदल इथे आहे: याला उपचार झेपेल का, हा प्रश्न मागे पडला आणि उपचार याच्याजवळ कसा न्यायचा, हा पुढे आला.

न्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं? बैठक लहान ठेवायची, बैठकांची संख्या वाढवायची. एका वेळी एकच गोष्ट. वहीतल्या नोंदींऐवजी चित्रं, मोबाइलवरचे फोटो, आवाजाचं रेकॉर्डिंग. शून्य ते दहाच्या मोजपट्टीऐवजी तीन पेले: रिकामा, अर्धा, काठोकाठ भरलेला. राग किती आला होता, तर बोट ठेवून दाखवायचं. शिवाय बरोबर विश्वासाचं एक माणूस हवं, जे ठरलेली गोष्ट घरी आठवणीनं करून घेईल.

‘समजलं ना?’ हा प्रश्न मात्र विचारायचा नाही. आयुष्यभर ज्याला हो म्हणण्याबद्दल शाबासकी मिळाली, तो होच म्हणणार. खात्री नसली की मान डोलावण्याची ही सवय कॅरल सिगेलमन यांच्या गटानं १९८१ मध्येच दाखवून दिली होती. त्यापेक्षा ‘आपण काय ठरवलं ते आईला सांग बरं’ असं म्हणावं. आणि ‘का’ विचारण्याआधी ‘कुठे’ विचारावं. ‘का मारलंस?’ याला उत्तर येत नाही, मान खाली जाते. ‘राग आला तेव्हा कुठे काय झालं?’ म्हटलं की हात छातीवर जातो. आपली भाषा इथे फार कामाला येते. पोटात गोळा येतो, डोकं भणभणतं, हातपाय गळतात, घशाशी आवंढा येतो. मराठीत भावना शरीरात राहतात, आणि शरीर तर प्रत्येकालाच असतं. ‘चिंता’ या शब्दाचा अर्थ न सांगता येणारा माणूस पोटातला गोळा बोटानं दाखवतो.

आता सर्वात नाजूक जागा. या उपचारात एकांगी, अतिशयोक्त विचार शोधून ते तपासतात. पण हा मुलगा म्हणतो, ‘लोक मला हसतात.’ हा विचार विपरीत नाही, खरा आहे. बसमध्ये हसतात, लग्नात हसतात, गल्लीतली पोरं ‘मेंटल’ म्हणून हाक मारतात. इथे पुरावा मागणारा उपचारक त्याच्या जखमेवर मीठ चोळतो. हसतात हे आधी मान्य करायला हवं. त्यानंतरचं वाक्य, ‘म्हणजे मी वाईट आहे’, तेवढं हळूच हातात घ्यायचं. आणि ती पोरं कोणाची आहेत, त्यांच्याशी कोण बोलणार, हे कामही उपचाराइतकंच निकडीचं आहे.

या साऱ्याचा उपयोग होतो का? पॉल विल्नर यांच्या गटानं ब्रिटनमधल्या ३० दिवसकेंद्रांत १७९ जणांबरोबर राग आवरण्याचा बारा आठवड्यांचा गट-कार्यक्रम तपासला. तो चालवला केंद्रातल्याच कर्मचाऱ्यांनी. ते मानसशास्त्रज्ञ नव्हते. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. सहभागी व्यक्तींच्या स्वतःच्या सांगण्यात ठळक फरक पडला नव्हता, पण राग आवरण्याच्या युक्त्या ते जास्त वापरू लागले होते आणि सोबतच्या कर्मचाऱ्यांना फरक जाणवला. अँड्रू जहोदा यांच्या गटानं नैराश्यासाठी विचारांची पायरी जवळजवळ बाजूलाच ठेवली. आवडीच्या, अर्थपूर्ण गोष्टी पुन्हा आयुष्यात आणायच्या, एवढ्यावर भर. १६१ जणांच्या या चाचणीत तुलनेला चित्रपुस्तिकांच्या आधारे केलेली मदत होती. २०१७ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत नैराश्य कमी झालं, फरक नाही. उपचार न मिळालेला गट नसल्यानं सुधारणेचं श्रेय नक्की कशाला, हे यातून सिद्ध होत नाही. पुरावा अजून तुटपुंजाच आहे. तरी इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेनं २०१६ च्या मार्गदर्शिकेत सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या नैराश्यासाठी जुळवून घेतलेल्या बोधात्मक वर्तन उपचाराचा विचार करावा असं म्हटलं. खुर्ची कागदावर तरी दिली गेली.

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अपंगत्व वगळतो. ते योग्यच आहे, कारण तो आजार नव्हे. पण या माणसालाही आजार होऊ शकतो, आणि तेव्हा तो दोन दारांच्या मधे उभा राहतो. मनोविकार विभाग म्हणतो विशेष शाळेत न्या, शाळा म्हणते डॉक्टरांना दाखवा. विल्नर यांचे ते दिवसकेंद्रातले कर्मचारी मला यासाठीच महत्त्वाचे वाटतात. कार्यशाळेतल्या ताईंना हा मुलगा कधी चिडणार हे त्याच्या खांद्यांवरून कळतं. त्यांना प्रशिक्षण, मागे एक अनुभवी मानसशास्त्रज्ञ आणि या कामाचा वेगळा मोबदला मिळाला, तर गावोगाव तज्ज्ञ उगवण्याची वाट पाहावी लागणार नाही.

त्या मुलाचं काय? ताईंनी त्याच्यासमोर फोटोंचा पुठ्ठा ठेवला आणि विचारलं, बाबा असताना रविवारी काय करायचास? त्यानं बाजाराच्या फोटोवर बोट ठेवलं. बाबांबरोबर तो भाजीला जायचा, पिशवी त्याच्याकडे असायची, येताना दोघं रसवंतीवर थांबायचे. बाबा गेले आणि रविवार तसाच बंद पडला. ‘कोण नेईल तुला?’ ‘काका.’ काकांना फोन झाला. कॅलेंडरवर येत्या रविवारच्या चौकोनात त्यानं हिरव्या पेननं पिशवी काढली. काढताना तो रडला, आणि ताईंनी त्याला रडू दिलं.