काचेवरचे टेरी

अमेरिकेच्या विस्तीर्ण तृणभूमीवर लोहमार्गाच्या आश्रयाने वसलेल्या गावांची जुनी छायाचित्रे पाहून काही लिहावे, असे संपादकांनी सुचविले आणि माझी दृष्टी मोंटाना संस्थानाच्या पूर्व भागातील टेरी या गावावर खिळली. यलोस्टोन नदीच्या काठाकाठाने नॉर्दर्न पॅसिफिक कंपनीचा लोहमार्ग आला, त्याच्या स्थानकाभोवती वस्ती जमली, तिला एका सेनापतीचे नाव मिळाले. गावाची दप्तरी हकीकत एवढ्यात आटोपते. तेथील माणसे कशी जगली, हे मात्र एव्हलिन कॅमेरॉन या इंग्रज बाईंमुळेच आपल्याला दिसते.

१८६८ साली इंग्लंडातील एका श्रीमंत घराण्यात जन्मलेल्या या बाई पतीसह या मुलखात आल्या त्या पोलोच्या घोड्यांची पैदास करून ते मायदेशी विकण्याच्या उमेदीने. तो व्यवहार बुडाला, घरात पैसे घेऊन पाहुणे ठेवावे लागले, आणि १८९४ साली अशाच एका पाहुण्याकडून त्यांनी छायाचित्रणाचे पहिले धडे घेतले. गायींच्या धारा काढून, भाजीपाला पिकवून व विकून उरलेल्या वेळात त्यांनी ही कला उपजीविकेचे साधन केली.

मला सर्वांत अधिक मोह पडला तो त्यांच्या काचेचा. जिलेटिनच्या पातळ थरात रौप्याचे क्षार धरून ठेवणारी ती काच जड, ठिसूळ आणि प्रकाशाच्या बाबतीत इतकी हळवी, की अंधाऱ्या खोलीबाहेर तिचे आवरण क्षणभर जरी चुकून दूर झाले तरी सारे श्रम वाया जावेत. तिच्यावरील प्रतिमा रसायनात प्रकट करून स्थिर केल्यावर ती पुष्कळ पाण्याने धुवावी लागे, आणि ज्या घरात नळ नव्हता तेथे हे पाणीही बाहेरून वाहून आणावे लागे. एवढ्या कष्टाने सिद्ध झालेल्या चित्रांत लोकर कातरणारे मजूर आहेत, नवपरिणीत दांपत्ये आहेत, रशियातून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांची कुटुंबे आहेत. परातभर कणीक मळणाऱ्या आणि १९१२ साली घोड्याच्या पाठीवर ताठ उभ्या राहिलेल्या स्वतः बाईही आहेत. या माणसांच्या मुद्रेवर परक्यापुढे बसल्याचा संकोच नाही, कारण चित्र घेणारी बाई त्यांच्याइतकीच राबणारी होती, असे मला मनापासून वाटते.

१९२८ साली बाई निवर्तल्या. सुमारे १,८०० ऋणपट्टिका त्यांच्या एका मैत्रिणीच्या तळघरात अर्धशतक पडून राहिल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉना ल्यूसी या लेखिकेने त्यांचा शोध घेतला, आणि आता त्या हेलेना येथील मोंटाना इतिहास संस्थेच्या ताब्यात आहेत. तरीही माझी चिंता मिटत नाही. दमटपणाने जिलेटिनचा थर सुटतो, कडांवरील रौप्य काळवंडते. या व्याधींवर निदान उपाय तरी आहेत. चित्रांतील मंडळी कोण, हा प्रश्न अधिक बिकट आहे. १९०९ च्या कायद्याने ३२० एकर जमीन मिळविण्यासाठी आलेली कित्येक कुटुंबे १९१७ पासून पडलेल्या अवर्षणाने देशोधडीला लागली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची ओळख सांगणारेही पांगले. टेरीची वस्ती आज सहाशेच्या आत आहे. १९०८ च्या सुमारास आलेला मिलवॉकी कंपनीचा दुसरा लोहमार्ग टेरीच्या पश्चिमेस १९८० नंतर उखडला गेला. म्हणून एखाद्या चित्राचे स्थळ व त्यातील व्यक्ती निश्चित करावयाच्या, तर बाईंनी पस्तीस वर्षे चिकाटीने लिहिलेल्या रोजनिशा आणि चित्रात मागे दिसणारी टेकड्यांची रेषा, हाच काय तो मुख्य पुरावा. आणि रोजनिशीत ज्यांचा उल्लेखच नाही, त्यांच्या बाबतीत तोही अपुरा पडणार.