समजून घ्या : ‘तरुण रक्ता’चं संशोधन एका अँटिबॉडीमुळे वादात का सापडलं?

वय वाढलं की रक्तातलं ‘जीडीएफ११’ हे प्रथिन कमी होतं आणि ते पुन्हा दिल्यास म्हाताऱ्या उंदरांचं जाड झालेलं हृदय सुधारतं, असा दावा हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये केला.

प्रथिन मोजतात कसं?
प्रयोगशाळेत त्यासाठी अँटिबॉडी वापरतात. ती ठरावीक प्रथिनाला चिकटते. किती चिकटली, त्यावरून प्रमाण कळतं.

घोळ कुठे झाला?
स्नायूंची वाढ रोखणारं ‘मायोस्टॅटिन’ जीडीएफ११शी सुमारे ९० टक्के जुळतं. मोजणीत वापरलेली अँटिबॉडी दोन्हींना चिकटते, असं नोव्हार्टिसच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. त्यांच्या मते वयानुसार जीडीएफ११ घटत नाही. उलट ते जास्त दिल्यास उंदरांच्या स्नायूंची दुरुस्ती मंदावते. हार्वर्डच्या गटाने हे निष्कर्ष अमान्य केले.

खात्री कशी करतात?
ज्या पेशींतून त्या प्रथिनाचा जनुकच काढून टाकला आहे, त्यांवर अँटिबॉडी तपासतात. तिथेही ती ‘प्रथिन आहे’ असं दाखवत असेल, तर ती दुसऱ्याच कशाला तरी चिकटते आहे. ही तपासणी राहिली, तर अपाय करणारं प्रथिनही औषध वाटू शकतं.