तारकापेशीचं पाऊल
(मेंदूच्या वेशीवर : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण एडविन गोल्डमन यांच्या निळ्या रंगापर्यंत आलो होतो. रक्तात सोडलेला ट्रायपॅन ब्लू अंगभर उतरला, पण मेंदू पांढराच राहिला. १९१३ मध्ये त्यांनी तोच रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तर मेंदू निळा झाला आणि बाकी शरीर कोरं. म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यात अडसर आहे हे नक्की. तो घातलाय कुणी?

संशय गेला ॲस्ट्रोसाइटवर, म्हणजे तारकापेशीवर. जाणं साहजिकच होतं. या पेशीला चहूबाजूंनी फांद्या फुटलेल्या असतात. त्यातली एखादी जवळच्या केशवाहिनीपर्यंत जाते आणि टोकाशी पसरट होऊन तिच्यावर पाऊल टेकते. शेजारच्या पेशीचं पाऊल त्याला लागून, त्यापुढे तिसरीचं. कुडाला बाहेरून लिंपण करावं तशी सगळी वाहिनी लिंपलेली दिसते. हेच कुंपण, असं कुणालाही वाटेल.

१९६७ मध्ये थॉमस रीस आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी उंदरांच्या रक्तात एक एन्झाइम सोडलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याचा माग काळा दिसतो. हा काळा माग पावलांपर्यंत पोचलाच नाही. वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी जिथे एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, तिथेच तो अडला. दोन वर्षांनी उलट्या बाजूने, मेंदूतल्या पोकळीतून तेच एन्झाइम सोडलं, तर ते पावलांच्या फटींतून सहज पार झालं. भिंत अस्तराची होती, लिंपणाची नव्हे.

पण मग हीच अस्तराची पेशी स्नायूत किंवा आतड्यात एवढी घट्ट का नसते? या प्रश्नावरचा १९८७ चा प्रयोग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो. रॉबर्ट यान्झर आणि मार्टिन रॅफ यांनी उंदराच्या मेंदूतल्या तारकापेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि दुसऱ्या उंदराच्या डोळ्यात, बुबुळापुढच्या पोकळीत सोडल्या. तिथे त्यांचे गोळे जमले आणि डोळ्यातल्या रक्तवाहिन्या त्या गोळ्यांत शिरल्या. मग रक्तात इव्हान्स ब्लू सोडला. तुलनेसाठी तशाच सोडलेल्या मेंदूच्या आवरणातल्या पेशींचे गोळे निळे पडले, तारकापेशींचे मात्र पांढरे राहिले! मेंदूबाहेरच्या वाहिन्यांनी त्यांच्या सहवासात मेंदूची शिस्त उचलली होती. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावरही असंच दिसलं.

२०१० मध्ये या निष्कर्षाला मुरड घालावी लागली. उंदराच्या गर्भात तारकापेशी जन्मण्याआधीच अडसर उभा राहू लागतो आणि त्यात वाहिनीला बिलगलेल्या पेरिसाइट पेशींचा मोठा हात असतो, असं दिसून आलं. म्हणजे पाया घालणारे दुसरे. मला तारकापेशीचं मोल त्यामुळे कमी वाटत नाही. तिने पाझरवलेले रासायनिक निरोप अस्तराची शिवण पक्की ठेवतात, आणि ती राखण जन्मभर चालते.

पाऊल टेकण्याचं आणखी एक काम आहे. वाहिनीकडच्या पृष्ठभागावर ॲक्वापोरिन-४ नावाच्या प्रथिनाची दाटी असते. पाण्याची ये-जा होते ती या सूक्ष्म नळांतून. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजारात शरीराची अँटिबॉडी नेमकी या नळांवर तुटून पडते. तारकापेशी मरतात, अडसर ढासळतो, काही दिवसांत दृष्टी जाऊ शकते, पाय लुळे पडू शकतात. हा आजार कैक वर्षं मल्टिपल स्क्लेरोसिसचाच प्रकार समजला जाई. २००४ मध्ये ती अँटिबॉडी सापडली, पुढच्याच वर्षी तिचं लक्ष्य कळलं. आता डॉक्टर रक्तात ती शोधतात. मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधं या रुग्णांचा आजार वाढवतात, त्यामुळे तो रिपोर्ट हातात येण्याआधी ती सुरू करणं धोक्याचं.