शब्द ओळखीचे, अर्थ निराळे

दहावीपर्यंत मराठी माध्यमात 'मध्य', 'मध्यक' आणि 'बहुलक' यांची उदाहरणे लीलया सोडविणारा विद्यार्थी महाविद्यालयात जातो आणि फळ्यावर 'मीन', 'मीडियन' व 'मोड' अवतरतात. संकल्पना तीच, नाव तेवढे परके. ही अडचण फारशी मोठी नाही. वारंवारता म्हणजे फ्रीक्वेन्सी, प्रमाण विचलन म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन अशा जोड्या वहीच्या मागच्या पानावर लिहून काढल्या, की काम भागते.

मात्र इंग्रजीत 'अ‍ॅव्हरेज' हा शब्द सैलपणे वापरला जातो, तेथे जपावे लागते. पाच कर्मचाऱ्यांचे पगार अनुक्रमे २०, २२, २५, २८ आणि २०५ हजार रुपये असतील, तर मीन ६० हजार येतो आणि मीडियन २५ हजार. नोकरीच्या जाहिरातीत यांपैकी कोणता आकडा छापला जाईल, हे सांगायला नको!

खरी गल्लत होते ती रोजच्या वापरातल्या शब्दांची. 'पॉप्युलेशन' म्हणजे लोकसंख्या, हे पाठ झालेले असते. संख्याशास्त्रात मात्र कारखान्यातील सगळ्या बल्बांचेही पॉप्युलेशन असते. आपल्याकडे त्यासाठी 'समष्टी' हा नेमका शब्द आहे. 'एरर' म्हणजे कोणाची चूक नव्हे. हजार मतदारांच्या यादृच्छिक नमुन्यावरून काढलेल्या अंदाजात साधारण तीन टक्के इकडेतिकडे होणारच, तो सॅम्पलिंग एरर. एखाद्या औषधाचा परिणाम 'सिग्निफिकंट' ठरला, याचा अर्थ तो मोठा आहे असा नाही. औषध निरुपयोगी असते, तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता फार कमी होती, इतकेच त्यातून कळते. 'रिग्रेशन'ची कथा तर गमतीची आहे. फार उंच आईवडिलांची मुले सरासरीच्या दिशेने झुकतात, या निरीक्षणावर फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये निबंध लिहिला. 'मागे जाणे' या अर्थाचा तो शब्द पुढे दोन राशींमधील संबंध मांडणाऱ्या साऱ्या पद्धतीलाच चिकटला.

टक्क्यांच्या बाबतीत आम्ही वृत्तपत्रवालेही निर्दोष नाही. व्याजदर सहावरून साडेसहावर गेला, की 'अर्ध्या टक्क्याची वाढ' असा मथळा येतो. काटेकोरपणे पाहता ती अर्ध्या 'पर्सेंटेज पॉइंट'ची वाढ असते. मूळ दराच्या तुलनेत ती आठ टक्क्यांहून अधिक भरते.

पालकांची सर्वाधिक धांदल उडवितो तो 'पर्सेंटाइल', म्हणजेच शततमक. जेईई मेन आणि राज्याच्या सीईटीच्या निकालात हाच आकडा असतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्या सत्रातील ९० टक्के परीक्षार्थींचे गुण आपल्या पाल्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. लाखभर मुले परीक्षेला बसली असतील, तर त्याच्या पुढे सुमारे दहा हजार उभी आहेत. महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरताना हिशेब त्या दहा हजारांचा करावा लागतो.