पंखा फिरत नाही? आधी एसएमपीएस तपासा

बटण दाबलं, तरी ना दिवा ना पंखा. जुना डेस्कटॉप लगेच भंगारात काढू नये; अनेकदा एकटा एसएमपीएसच, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबाच, गेलेला असतो.

प्लग काढून मदरबोर्डचा २० किंवा २४ पिनांचा कनेक्टर सोडवावा आणि त्यातली हिरवी वायर काळीला जोडावी. १९९५ साली आलेल्या एटीएक्स रचनेत चालू होण्याचा इशारा हिरवीतूनच जातो. मग वीज द्यावी. पंखा फिरला, तर मीटरवर पिवळीत १२, लालमध्ये ५, नारिंगीत ३.३ व्होल्ट दिसायला हवेत. पाच टक्के कमी-जास्त चालतं.

डबा मात्र घरी कधीच उघडू नये! प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब उरू शकतो. अख्खा एसएमपीएस बदलायला चार स्क्रू पुरतात.