टीव्हीवरचा हिरवा डाग आणि शेजारचा स्पीकर



विषय वाचून तुम्ही म्हणाल, मॅडमचं काय बिनसलं? बचत गटाच्या अंकात टीव्ही आणि स्पीकर कशाला? त्याचं कारण एका गटाच्या कर्जमागणीत आहे.

दिवाळीनंतरच्या मासिक बैठकीत एका ताईंनी ३,५०० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण सांगितलं, टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली. उजव्या कोपऱ्यात हिरवा आणि जांभळा डाग पडला होता, माणसांचे चेहरे अर्धे हिरवे दिसायचे. मेकॅनिकने बघितलं आणि म्हणाला, ट्यूबच गेली, हा टीव्ही मला द्या, वर ३,५०० द्या, दुसरा वापरलेला बसवून देतो. घरात सासूबाईंचं पाय मोडल्यापासून बाहेर जाणं बंद, त्यांना दिवसभर तेवढाच विरंगुळा. त्यामुळे गटानेही जास्त प्रश्न विचारले नाहीत. मागणी इतिवृत्तात लिहून झाली होती.

मला दुसऱ्या कामासाठी त्याच वाडीत जायचं होतं, म्हणून चहाला त्यांच्याकडे गेले. बघते तर मांडणीवर जुना डबा टीव्ही आणि त्याला अगदी खेटून, उजव्या बाजूला, नवाकोरा होम थिएटरचा वूफर. मुलाने दिवाळीला तालुक्याहून आणलेला. डाग कधीपासून पडला विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "दिवाळी झाली आन् लागला बघ डाग."

मी काही टीव्ही दुरुस्त करणारी नाही, माझं शिक्षण समाजकार्याचं. पण आमच्या घरी लहानपणी हाच प्रकार झाला होता. वूफर उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. डाग लगेच फिका झाला, पण गेला नाही. मग टीव्ही भिंतीच्या बटणावरून बंद केला, चहा पिऊन गप्पा झाल्या, अर्ध्या तासाने पुन्हा लावला. डाग आणखी लहान. तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला, चेहरे माणसासारखे दिसायला लागले. कर्जाची मागणी मागे घेतली गेली आणि त्याच पैशातून गटातल्या दुसऱ्या ताईंनी मुलीची फी भरली.

मेकॅनिकने मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. पण ही गोष्ट आपल्याला माहीत असती तर कर्जाचा विषयच निघाला नसता. म्हणून हा लेख.

आता हे का होतं ते बघू. कुठलाही स्पीकर उघडला तर मागच्या बाजूला काळी जाड चकती दिसते. ते लोहचुंबक. त्याच्या मधोमध तारेचं वेटोळं असतं आणि ते पुढच्या कागदी पडद्याला चिकटवलेलं असतं. वेटोळ्यातून वीज वाहिली की चुंबक त्याला मागे-पुढे ढकलतं, पडदा थरथरतो आणि आवाज होतो. म्हणजे चुंबकाशिवाय हा स्पीकर चालत नाही. वूफर जेवढा मोठा, तेवढं त्याचं चुंबकही साधारण मोठं.

डबा टीव्हीच्या काचेच्या नळीत मागच्या निमुळत्या टोकाकडून विजेच्या बारीक कणांचे झोत पुढच्या काचेवर सोडलेले असतात. रंगीत टीव्हीत असे तीन झोत असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक. काचेच्या आत याच तीन रंगांचे बारीक ठिपके किंवा पट्ट्या असतात आणि त्यांच्या मागे धातूची पातळ जाळी. रव्याच्या चाळणीसारखी समजा. जाळीच्या भोकातून लाल रंगाचा झोत बरोबर लाल ठिपक्यावरच पडावा, अशी सगळी मांडणी असते. हे झोत चुंबकाने वळतात. टीव्हीचं चित्र उमटतं तेच मुळी आतली वेटोळी झोताला चुंबकाच्या जोरावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरवतात म्हणून. आता त्यात शेजारी तुम्ही आपलं वेगळं चुंबक आणून ठेवलं तर झोत भरकटणारच. लाल ठिपक्यावर पडायचा तो हिरव्यावर पडतो. दुरून बघणाऱ्याला तो डाग दिसतो.

आणखी एक गोष्ट होते. चुंबक बरेच दिवस जवळ राहिलं तर आतली जाळीही थोडीशी चुंबकासारखी होते. सुई चुंबकाला घासली की ती टाचणी उचलायला लागते ना, तसं. म्हणून स्पीकर लांब नेला तरी डाग लगेच जात नाही. कंपन्यांनी याचा उपाय टीव्हीतच दिलेला असतो. रंगीत डबा टीव्ही चालू करताना "ढम्म" किंवा "हुम्म" असा आवाज येतो, आठवतो का? त्या वेळी पडद्याभोवतीच्या तारेतून क्षणभर वीज सोडून जाळीतलं चुंबकत्व काढलं जातं. पण हे टीव्ही पूर्ण थंड असेल तरच नीट होतं. शिवाय बऱ्याच टीव्हींत रिमोटने बंद-चालू केल्यावर ते होत नाही, मुख्य बटण बंद करावं लागतं. आपण सगळ्या रिमोटनेच बंद करतो, मग लाल दिवा रात्रभर जळत राहतो. ती सवय तशीही बरी नाही. डाग असेल तर स्पीकर लांब करा, बटणावरून बंद करा, अर्धा तास थांबा, पुन्हा लावा. दोन-चार दिवस असं केलं की बहुतेक वेळा डाग जातो. इतकं करूनही राहिला तरच मेकॅनिक बोलवा आणि शेजारी स्पीकर होता हे त्याला सांगा. त्याच्याकडे डाग काढायचं वेगळं वेटोळं असू शकतं. चुंबक फारच जोरदार असेल, डीजेच्या मोठ्या स्पीकरसारखं, तर मात्र जाळी कायमची बिघडू शकते. तसला स्पीकर डबा टीव्हीच्या खोलीतच नको.

एक सूचना अगदी कळकळीची. मागचं झाकण स्वतः उघडू नका, मुलाला किंवा दिरालाही उघडू देऊ नका. रंगीत टीव्हीच्या नळीत २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढून ठेवली तरी तो काही काळ आत राहतो.

तुम्ही म्हणाल, पूर्वीही लोक टीव्हीशेजारी स्पीकर ठेवायचे, तेव्हा कसं चालायचं? घरोघरी डबा टीव्ही होते त्या काळात टीव्हीशेजारी ठेवायचे स्पीकर बरेचदा झाकलेल्या चुंबकाचे यायचे. चुंबकाच्या मागे उलट्या तोंडाचं दुसरं चुंबक चिकटवायचे आणि वर लोखंडी टोपी बसवायचे, म्हणजे ओढ बाहेर फारशी येत नसे. खोक्यावर "मॅग्नेटिकली शील्डेड" असं लिहिलेलं असायचं. आता शहरात सगळे सपाट टीव्ही, त्यांना याची गरज नाही, म्हणून हा खर्च बरेच जण करत नाहीत. खरी गोम इथेच आहे. शहरातला नवा स्पीकर आपल्या घरातल्या जुन्या टीव्हीशेजारी येऊन बसतो. दोन्ही चांगले असतात, फक्त शेजार चुकतो.

तर डबा टीव्ही असेल तर वूफर निदान तीन फूट लांब ठेवा, लहान स्पीकर दोन फूट. नेमकं अंतर चुंबकावर ठरतं, म्हणून टीव्ही चालू ठेवून स्पीकर लांबून हळूहळू जवळ आणा आणि पडद्याच्या कडेकडे लक्ष ठेवा. रंग बदलायला लागला की तिथून एक-दीड फूट मागे घ्या. स्पीकर टीव्हीच्या डोक्यावर किंवा पोटाखाली ठेवू नका. स्टॅबिलायझरही लांबच बरा, कारण त्यातल्या ट्रान्सफॉर्मरने चित्र थरथरतं. जुना काळा-पांढरा टीव्ही कुणाकडे राहिला असेल तर त्यावर रंगाचा डाग पडणार नाही, पण स्पीकर फार जवळ असेल तर चित्र एका बाजूला ओढल्यासारखं वाकडं दिसेल.

भिंतीवर टांगायचा सपाट टीव्ही, एलसीडी म्हणा, एलईडी म्हणा, त्यात झोतही नाही आणि जाळीही नाही. मागे दिवा आणि पुढे उघडझाप करणारे लाखो बारीक ठिपके. चुंबकाने त्याच्या चित्राला काही होत नाही. प्लाझ्मा टीव्ही आणि प्रोजेक्टरचंही तसंच. अशा टीव्हीला स्पीकर खेटून ठेवला तरी रंग बिघडत नाहीत. तिथे दुसऱ्याच गोष्टी बघाव्या लागतात, आणि त्या आपल्या ग्रामसंघाच्या कार्यालयात जास्त लागू आहेत.

अनेक कार्यालयांत आता प्रशिक्षणाचे व्हिडिओ दाखवायला एलईडी टीव्ही आला आहे. पण मागच्या रांगेतल्या ताईंची तक्रार एकच, चित्र दिसतं, बोलणं कळत नाही. कारण सपाट टीव्हीत जागाच नसते, त्याचे छोटे स्पीकर खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून बसवलेले असतात. आवाज आपल्याकडे न येता भिंतीकडे जातो. म्हणून वेगळा स्पीकर घेणं चुकीचं नाही. फक्त तो कपाटाच्या वर, छताजवळ ठेवतात, ते चुकतं. आपण सतरंजीवर बसतो. खाली बसल्यावर कान जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर येतात. स्पीकरचं तोंड तिकडे हवं. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर एकेक, साध्या स्टुलावर, तोंड किंचित आत वळवून ठेवले तरी पुरे. मधला लांबट स्पीकर असेल तर तो टीव्हीच्या बरोबर खाली ठेवा, कारण बोलणं मुख्यतः त्यातून येतं. फक्त तो रिमोटच्या लाल डोळ्यासमोर येऊ देऊ नका, नाहीतर रिमोट बिघडला म्हणून आणखी एक खर्च निघेल.

पत्र्याचं छत आणि कोऱ्या भिंती असलेल्या खोलीत आवाज घुमतो. आवाज वाढवला की घुमणंही वाढतं आणि शब्द आणखी कळेनासे होतात. तिथे उलटं करा, आवाज कमी ठेवा आणि स्पीकर बायकांच्या जवळ आणा. समोरच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी टांगली तरी फरक पडतो. बेसचं बटण कमी करा, कारण बँकेचा हप्ता समजून घ्यायला दणदणाट लागत नाही.

वायरी जोडताना लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरला उलट जोडलं गेलं तर दोन्हींचा दमदार आवाज एकमेकांना खाऊन टाकतो, आणि नवीन सेट पोकळ वाजतो म्हणून दुकानात परत न्यायची वेळ येते. वायर उंबऱ्यातून आडवी नेऊ नका, डोक्यावर हंडा असलेल्या बाईला ती दिसत नाही. एटीएम कार्ड वूफरवर ठेवू नका, त्याच्या मागची काळी पट्टी चुंबकाने खराब होऊ शकते. आणि गटाच्या पैशातून स्पीकर घेणार असाल तर खोक्यावरच्या ५,००० वॅट पीएमपीओ अशा आकड्याला भुलू नका. तो आकडा दाखवायचा असतो. आरएमएस वॅट किती ते विचारा, आणि दुकानातच कुणाचं तरी बोलणं असलेला व्हिडिओ लावून ऐका, गाणं नको.

वूफर कुठे ठेवला हे मात्र फारसं बिघडवत नाही. जाड आवाज नेमका कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, म्हणून तो खोलीत कुठेही, जमिनीवर ठेवता येतो. अगदी कोपऱ्यात ठेवला तर तो उगीच जास्त घुमतो, एवढंच. त्या ताईंच्या घरी आता तो सासूबाईंच्या खाटेखाली आहे. परवा गेले तर त्यांची नवीन तक्रार होती, "मालिकेत ढग गडगडले की माझी खाट हालती." बेसचं बटण कमी करून दिलं.